हवामानाचे ज्ञान गावात मुक्कामाला केव्हा येणार?

२०२४ च्या आरंभी भारतीय हवामान खात्याने देशातील १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे बंद करण्याचा आदेश काढला. २०१८ मध्ये आखलेल्या योजनेनुसार ही केंद्रे ठिकठिकाणच्या कृषी विज्ञान केंद्रांत उघडण्यात आली होती. प्रत्येक ठिकाणी पदे दोनच. एक विषय विशेषज्ञ आणि एक निरीक्षक. हवामान खात्याकडून येणारा पुढील पाच दिवसांचा अंदाज घ्यायचा, जिल्ह्यातील पिके कोणत्या अवस्थेत आहेत हे पाहायचे आणि दर मंगळवारी व शुक्रवारी तालुकावार सल्ला तयार करून तो शेतकऱ्यांपर्यंत पोचवायचा, हे त्यांचे काम. ते वर्ष लोकसभेच्या निवडणुकीचे होते. इतक्या लहानशा आदेशाकडे लक्ष देण्यास राजकीय पक्षांना सवड नव्हती. हवामानाची निरीक्षणे आता यंत्रे आपोआप घेतात, तेव्हा त्यासाठी माणसे कशाला हवीत, असा विचार या निर्णयामागे होता, हे पुढे उजेडात आलेल्या सरकारी टिपणांवरून दिसून आले.

वरवर पाहता हा विचार बिनतोड वाटतो. पाऊस आणि तापमान मोजण्यास माणूस लागत नाही, हे खरेच आहे. परंतु केंद्रातील तो विशेषज्ञ तापमान मोजण्यासाठी बसलेलाच नव्हता. हवामान खाते सांगते की, अमुक भागात तुरळक ठिकाणी मध्यम ते जोरदार पाऊस पडेल. शेतकऱ्याचे प्रश्न निराळे असतात. काढून ठेवलेले सोयाबीन आज झाकावे की उद्या मळणी उरकावी? फवारणी केली तर ती धुऊन जाईल काय? मृगात एक चांगली सर आली, आता पेरावे की थांबावे? या प्रश्नांची उत्तरे अंदाजाच्या वाक्यात नसतात. पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याविना पेरणी करू नका, असे कृषी खाते दर वर्षी बजावते. तथापि आपल्या शिवारात तेवढा झाला की नाही आणि पुढचा आठवडा कोरडा जाणार की ओला, हे सांगणारा कोणी जवळ नसेल, तर तो सल्ला भिंतीवरच्या सुविचारापलीकडे जात नाही. दुबार पेरणी या दोन शब्दांचा अर्थ ज्याने बियाणे, खत आणि मजुरी कर्जाने आणलेली असते, त्यालाच पुरता कळतो.

ज्ञानाची उणीव ही तक्रार महाराष्ट्रात तरी कोणाला करता येणार नाही. हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. दख्खनचा १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ तिच्या पाठोपाठच आला आणि पावसाचे भाकीत हा राज्यकर्त्यांच्या काळजीचा विषय झाला. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाच्या प्रमाणावरून मोसमी पावसाचा पहिला रीतसर अंदाज दिला तो १८८६ मध्ये. १९२८ साली खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीचे ‘सिमला ऑफिस’ हे नाव पुणेकरांच्या तोंडी अजून आहे. १९३२ मध्ये डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली पुण्यातच कृषी हवामानशास्त्राचे स्वतंत्र दालन उघडले. जमिनीलगतची हवा कशी तापते, पिकाच्या उंचीवर ओलावा किती असतो, असल्या प्रश्नांचा येथे अभ्यास झाला, तेव्हा जगातील फारच थोड्या देशांना त्याचे महत्त्व उमगले होते. १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी खास हवामानवृत्त नभोवाणीवरून देण्यास प्रारंभ झाला. १९६२ मध्ये उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेची भर पडली. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे चार कृषी विद्यापीठे उभी राहिली. एवढी विद्या एका प्रांतात एकवटल्याचे उदाहरण देशात दुसरे क्वचितच सापडेल.

त्या विद्येने हवामानबदलाबाबत मौन पाळले आहे असेही नाही. भारतातील हवामानबदलाचा जो विस्तृत आढावा केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केला, तो मुख्यतः पुण्याच्या शास्त्रज्ञांनीच सिद्ध केलेला आहे. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, असे तो सांगतो. १९५१ ते २०१५ मध्ये मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. त्याच सुमारास मध्य भारतात एका दिवसात दीडशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळण्याचे प्रसंग मात्र सुमारे पाऊणपटीने वाढले. १९५१ ते १९८० या तीस वर्षांच्या तुलनेत १९८१ ते २०११ मध्ये पावसाळ्यातील कोरडे खंड २७ टक्क्यांनी अधिक वेळा पडले. एकूण पाऊस किंचित कमी, तो पडण्याचे दिवस त्याहून कमी, आणि जो पडतो तो एकदम, असा या आकड्यांचा सरळ अर्थ आहे. मराठवाड्यात जून ते सप्टेंबर या काळात सरासरीने पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. परंतु सरासरीवर कोणतेही पीक उगवत नाही. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले आणि नदीकाठची जमीन मातीसकट वाहून गेली. या दोन घटनांच्या दरम्यान दहा वर्षेही लोटलेली नाहीत.

मग अडते कोठे? आंतरराष्ट्रीय परिषदांनी या प्रश्नासाठी एक शब्द रूढ केला आहे, क्षमताबांधणी. २०१५ च्या पॅरिस कराराचे अकरावे कलम त्यालाच वाहिलेले आहे. त्यापूर्वी, २००८ मध्ये, भारत सरकारने हवामानबदलाविषयी जी राष्ट्रीय कृती योजना मांडली, तिच्या आठ अभियानांपैकी एक ‘धोरणात्मक ज्ञाना’साठी होते. शब्द चांगला आहे. त्याचा व्यवहारातील अर्थ मात्र फार आक्रसला आहे. तालुक्याच्या सभागृहात एक दिवसाचे शिबिर, दारावर फलक, उद्घाटनाची भाषणे, चहापान, एक छापील पुस्तिका आणि उपस्थितांच्या सह्या. सह्यांची संख्या अहवालात गेली की क्षमता बांधली गेली असे समजण्याचा प्रघात पडला आहे. दवाखाना बांधावा, औषधे भरावीत आणि डॉक्टरऐवजी आरोग्यावरील एक व्याख्यान ठेवावे, तशातला हा प्रकार.

महाराष्ट्रात ही गोष्ट पर्जन्यमापकाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. राज्य सरकारने महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसविण्याचा उपक्रम हाती घेतला आणि आज अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे आहेत. एका मंडळात सरासरीने वीसएक गावे येतात. पाऊस एका शिवारात पडतो आणि शेजारच्या शिवाराला वगळतो, हे ध्यानात घेता ही जाळी विरळच म्हणावी लागेल. तरीही पूर्वीच्या तालुक्याच्या एका पर्जन्यमापकापेक्षा ती कितीतरी बरी. पण या केंद्रांतील आकड्यांचा उपयोग गावकरी कशासाठी करतात? मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी ठरते आणि नुकसानभरपाईचा मार्ग मोकळा होतो. चौसष्ट नोंदला गेला तर वाद सुरू होतात. पीक विम्याचेही तेच. परिणामी पर्जन्यमापक हे शेतकऱ्याच्या दृष्टीने शेतीचे साधन राहिलेले नाही; तो दाव्यातला साक्षीदार झाला आहे, आणि साक्षीदाराकडे सगळेच संशयाने पाहतात.

याची मुळे जुनी आहेत. शेतसाऱ्याची सूट ठरविण्यासाठी इंग्रजांनी आणेवारीची पद्धत बसविली. तिची पैसेवारी झाली. पन्नास पैशांहून कमी पीक म्हणजे टंचाई हा नियम कित्येक पिढ्या चालला. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पाऊस, जमिनीतील ओल, पिकांची स्थिती अशी शास्त्रीय निर्देशांकांची चौकट आणली आणि २०१८ मध्ये तिच्यानुसार राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. सुधारणा खरीच. तथापि दोन्ही पद्धतींचा हेतू एकच, हानी झाल्यानंतर मदतीस पात्र कोण हे ठरविणे. पावसाचा अभ्यास या राज्याने प्रथम महसुलासाठी केला, पुढे मदतवाटपासाठी केला. गावाने आपले पीक ठरविण्यासाठी पाऊस मोजावा, ही गोष्ट शासनाच्या कोणत्याही खात्याच्या स्वभावात मुरलेली नाही.

जेथे ती मुरली आहे असे गाव म्हणून हिवरे बाजारचे नाव घेण्याची प्रथा आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील हे गाव तसे कमी पावसाचे. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाल्यापासून तेथे जे घडले ते सर्वपरिचित आहे. त्यातील पाणलोटाच्या कामांचे कौतुकही भरपूर झाले. त्यामानाने तेथील पाण्याच्या ताळेबंदाकडे दुर्लक्ष झाले आहे, आणि खरे शिकण्यासारखे तेच आहे. पावसाळा संपला की गावाने मोजलेला पाऊस आणि विहिरींची पातळी ग्रामसभेपुढे येते. माणसे आणि जनावरे यांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढले जाते. उरलेल्यात रब्बीची कोणती पिके बसतात हे ठरते. पाऊस कमी झाला असेल त्या वर्षी अधिक पाण्याचे पीक कोणी घ्यायचे नाही. शेतीसाठी कूपनलिका नाही, ऊस नाही, केळी नाही.

हा हिशेब अवघड मुळीच नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हजार हेक्टरच्या शिवारात चारशे मिलिमीटर पाऊस पडला तर चारशे कोटी लिटर पाणी गावाच्या हद्दीत उतरले. त्यातले बरेचसे वाफ होऊन, पिकांच्या वाटे किंवा ओढ्याने निघून जाते. थोडा भाग खाली मुरतो. पाटाने भिजविलेल्या उसाला हेक्टरी सुमारे दोन कोटी लिटर पाणी लागते. सातवीच्या वर्गातील मुलांनी फळ्यावर हा गुणाकार केला तरी आपल्या गावात किती ऊस परवडतो हे त्यांना समजेल. वडिलांना समजावणे मात्र त्यांच्या हाती नाही. महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखाली काळा कातळ आहे. गंगा-यमुनेच्या मैदानात शेकडो फूट वाळू-गाळ पाणी धरून ठेवतो. येथे पाणी साठते ते कातळावरच्या मुरमात आणि भेगांत. अशा जमिनीतील साठा एका पावसाळ्यात भरतो आणि एका उन्हाळ्यात रिता होतो. म्हणूनच दर वर्षीचा हिशेब दर वर्षी मांडावा लागतो. गतवर्षीच्या शिलकेवर विसंबून येथे चालत नाही. पावसाचा लहरीपणा वाढू लागल्यावर तर हा हिशेब चैनीची बाब उरत नाही.

हिवरे बाजारचे उदाहरण दिले की लगेच म्हटले जाते, प्रत्येक गावाला पोपटराव कोठून आणायचे? प्रश्न रास्त आहे, पण त्यातून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे. असामान्य माणसावाचून जे चालत नाही ते धोरण नव्हे, हे मान्य केले तर सामान्य माणसाकडून तेच काम होईल अशी व्यवस्था उभी करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. अशी व्यवस्था महाराष्ट्राला अपरिचित आहे असेही नाही. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना जन्मली, हे सारेच सांगतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही त्याच काळातील अपत्य आहे, याचा उल्लेख क्वचित होतो. राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी ही यंत्रणा वर्षातून चार वेळा मोजते आणि हा क्रम पन्नास वर्षे चालू आहे. मंत्रिमंडळे आली-गेली, मोजणी थांबली नाही; कारण ते एखाद्या प्रकल्पाचे काम नव्हते, नेमून दिलेल्या कर्मचाऱ्यांचे रोजचे काम होते. त्या नोंदी ज्या गावाच्या विहिरीच्या आहेत त्या गावच्या ग्रामसभेत त्या आवर्जून वाचल्या जाव्यात, अशी व्यवस्था मात्र झाली नाही.

याउलट प्रकल्पांचा अनुभव पाहावा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत जागतिक बँकेच्या साहाय्याने ‘प्रशिक्षण आणि भेट’ पद्धत आली. ग्रामसेवकावर दहा कामे न लादता शेतीचा सल्ला देणारा स्वतंत्र कर्मचारी ठरलेल्या वारी ठरलेल्या गावी जाईल आणि त्यालाही दर पंधरवड्याला विद्यापीठातील तज्ज्ञ शिकवतील, अशी ती योजना होती. तिच्यात साचेबंदपणा होता. कोरडवाहू शेतीला ती पुरेशी मानवली नाही, ही टीकाही खरी होती. तरी कोणत्या वारी कोण येणार हे शेतकऱ्याला ठाऊक असे. कर्जाची मुदत सरली आणि ती शिस्तही सरली. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्याच ४२ कोटी डॉलरच्या कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला. मराठवाडा, विदर्भ आणि लगतच्या भागातील पाच हजारांहून अधिक गावे त्यात घेतली गेली. मुंबईच्या आयआयटीच्या मदतीने गावोगावच्या पाण्याचे ताळेबंद मांडण्याची पद्धत त्यात बसविण्यात आली, शेतीशाळा भरल्या. हवामानबदलाला सामोरे जाण्याचा इतका विचारपूर्वक आखलेला प्रकल्प राज्यात पूर्वी झाला नव्हता, हे निःसंकोच म्हणावे. पण गावपातळीवरची त्याची बरीचशी भिस्त कंत्राटी मनुष्यबळावर होती. प्रकल्प दुसऱ्या टप्प्यात नव्या गावांकडे वळला, तेव्हा पहिल्या गावांचा ताळेबंद पुढच्या ऑक्टोबरात कोण मांडणार? शिकलेला माणूस कंत्राट संपल्यावर पुण्या-मुंबईकडे नोकरी शोधू लागतो आणि त्याच्याबरोबर गावाची पाच वर्षांची समजही जाते.

राहता राहिला कृषी सहायक. अनेक गावे, अनुदानांचे अर्ज, पंचनामे, संकेतस्थळांवर भरावयाची माहिती या रगाड्यात तो पुरता अडकलेला असतो. २०२५ मध्ये त्याचे पदनाम बदलून ‘सहायक कृषी अधिकारी’ झाले. सन्मान झाला, गावे कमी झाली नाहीत.

माहिती शेवटच्या माणसापर्यंत नेणारी कायमची फळी उभारली म्हणजे काय घडते, याचे उदाहरण शेजारच्या बांगलादेशात आहे, आणि तो देश काही श्रीमंत नव्हे. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात तेथे किमान तीन लाख माणसे मेली. वादळ येत असल्याची वार्ता नव्हती असे नाही. ती किनाऱ्यावरील झोपड्यांपर्यंत अर्थासह पोचली नव्हती. स्वातंत्र्यानंतर १९७२ मध्ये तेथे रेड क्रॉसच्या सहकार्याने चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला. गावातलेच स्वयंसेवक, त्यांच्याकडे नभोवाणी संच, भोंगा आणि झेंडे. कोणत्या क्रमांकाच्या इशाऱ्याला काय करायचे हे ठरलेले. १९९१ च्या वादळात तरीही एक लाखाहून अधिक बळी गेले, कारण इशारा ऐकून जायचे कोठे, तर पुरेशी निवारागृहेच नव्हती. ती त्यानंतर बांधली गेली. २००७ च्या ‘सिद्र’ वादळात मृतांचा आकडा साडेतीन हजारांच्या घरात राहिला. प्रत्येक बळी दुःखदच. पण लाखांवरून हजारांवर आलेला हा आकडा केवळ उपग्रहांनी खाली आणलेला नाही. स्वयंसेवकांची ती फळी पन्नास वर्षे सरकारे उलथली तरी टिकून आहे आणि आज तिच्यात सत्तर हजारांहून अधिक माणसे आहेत. दुष्काळ वादळासारखा एका रात्रीत येत नाही, म्हणून त्याची तुलना वादळाशी पूर्णपणे होणार नाही. माहितीला गावात हक्काचा माणूस हवा, ही बाब मात्र दोन्हीकडे सारखीच.

पैशांची सबब येथे पुढे केली जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अतिवृष्टिग्रस्तांसाठी राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. ते आवश्यक होते. त्याविषयी तक्रार नाही. परंतु एवढी रक्कम एका हंगामाच्या हानीपोटी जाहीर करणाऱ्या राज्याला तालुक्यागणिक एक हवामान सल्लागार कायम नेमणे झेपत नाही, हे म्हणणे पटण्यासारखे नाही. राज्यात साडेतीनशेहून थोडे अधिक तालुके आहेत. तेवढी पदे म्हणजे एखाद्या मध्यम आकाराच्या सरकारी कार्यालयाचा कर्मचारीवर्ग. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कायम नेमणूक झाली की माणूस गावाकडे फिरकत नाही, असा अनुभव शिक्षकांपासून तलाठ्यांपर्यंत सांगितला जातो. म्हणूनच या सल्लागाराचा जाब विचारण्याचे स्थान मंत्रालय असू नये. जालना जिल्ह्यातील खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात शास्त्रज्ञ आणि शेतकरी यांची मासिक बैठक वर्षानुवर्षे भरत आली आहे. मागच्या महिन्यात दिलेला सल्ला फसला तर शेतकरी तेथेच तोंडावर सांगतात. अशी बैठक प्रत्येक तालुक्यात भरणे आणि ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडल्याविना रब्बीची चर्चा न होणे, या दोन गोष्टींना नवा कायदा लागत नाही. भूजलासाठीचा राज्याचा २००९ चा कायदा आहेच. पिके भूजलाच्या बेताने घ्यावीत हा विचार त्यात स्पष्ट आहे. गावची शाळाही या कामात उतरू शकते. पर्जन्यमापक वाचणे, विहिरीत दोर सोडून पातळी घेणे आणि फळ्यावर गुणाकार मांडणे ही कामे विद्यार्थी आनंदाने करतील. फक्त त्या आकड्यांना ग्रामसभेच्या इतिवृत्तात जागा मिळाली पाहिजे. नाहीतर तोही एक शालेय उपक्रम होऊन प्रदर्शनात मांडला जाईल.

ग्रामपंचायतीगणिक पर्जन्यमापक आणि तालुक्यागणिक स्वयंचलित केंद्र यांचे जाळे विणण्याची योजना केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केली आहे. मंडळाऐवजी गावचा पाऊस कळू लागला तर ती मोठीच सोय होईल. मात्र ही योजना पीक विम्याच्या गरजेतून निघालेली आहे, आणि तिचा भर पुन्हा नुकसानीचा पुरावा गोळा करण्यावर राहण्याचा संभव आहे. ते आकडे ग्रामसभेपुढे वाचून दाखविणाऱ्या माणसाचे पद कोणत्या खात्यात, किती वेतनावर आणि कोणाच्या देखरेखीखाली असावे, हे ठरविण्याचा अधिकार राज्य सरकारचा आहे. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.